बारा गाड्या आणि सोळावा हिस्सा उजेड

धुळ्याच्या पाचव्या गल्लीत लीलाधर महाजनांचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे पुढं काउंटर, मागं डोंगर-तळ्याचा रंगवलेला पडदा, एक लाकडी खुर्ची आणि पडद्याआड अंधारखोली. आत शिरणाऱ्या प्रत्येकाला लीलाधर एकच मंत्र देत, तो म्हणजे 'हलू नका'. नवरा-नवरीला हलू नका, परीक्षेच्या अर्जासाठी फोटो काढायला आलेल्या पोरींना हलू नका, मांडीवरच्या तान्ह्या बाळालाही हलू नका. बाळ अर्थातच ऐकत नसे, पण त्याची आई, आजी आणि सोबत आलेली मावशी अशा तिघी श्वास कोंडून बसत. पासष्ट साली त्यांनी धंदा मांडला तेव्हा कॅमेराच तसला होता. माणसानं मान वळवली की फोटोत नाकं दोन व्हायची. पुढं चांगला जपानी कॅमेरा आला, पापणी लवायच्या आत फोटो निघू लागला, तरी मंत्र काही सुटला नाही. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

वीस-बावीस वर्षांत त्यांनी धुळे-साक्री पट्ट्यातली शेकड्यांनी लग्नं काढली. त्याचा परिणाम असा झाला की गळ्यात कॅमेरा अडकवलेले लीलाधर लांबून दिसले, की त्या पट्ट्यातली माणसं आपोआप ताठ व्हायची. हात मांड्यांना चिकटायचे, हसणारा गंभीर व्हायचा, पंगतीतला माणूस घास तोंडाशी धरून थांबायचा. लीलाधरांना याचा भारी अभिमान होता. मी या लोकांना शिस्त लावली, असं ते बायकोला ऐकवत. सुंदरबाई म्हणत, शिस्त कसली, धाक घातलाय तुम्ही.

या शिस्तीनंच पुढं त्यांचा घात केला, आणि शेवटी तारलंही तिनंच. पण ते ओघानं येईल.

सुंदरबाईंचं माहेर बोरगव्हाण, साक्री रस्ता सोडून चार मैल आत. वडील पुना भगत. भगत म्हणजे गावच्या बारा गाड्या ओढणारा मानकरी. ज्यांनी हा सोहळा पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगायला हवेत. अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी संध्याकाळी गावातल्या बारा बैलगाड्या एकामागं एक साखळ्यांनी बांधतात. बैल एकाही गाडीला नसतो. वर चढता येतील तितकी माणसं चढतात, उरलेलं गाव रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभं राहतं. भगत दिवसभराचा उपाशी, अंगाला भंडारा फासलेला, पिवळाधमक. तो पुढच्या गाडीला खांदा देतो, खंडेरावाचं नाव घेतो आणि ती सगळी माळ ओढत वेशीपासून देवळापर्यंत धावत नेतो. दोन्ही बाजूंना त्याचे दोन साथीदार असतात, पण ओढणारा तोच. कसा ओढतो ते गाव विचारत नाही. देव ओढवून घेतो, एवढं उत्तर सगळ्यांना पुरतं.

पुना भगतांनी हा मान तीस वर्षं सांभाळला होता. मूळचे शेतकरी, अंगानं सडपातळ, बोलायला कमी. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस त्यांच्याकडं कुणी वळूनही बघत नसे आणि उरलेल्या एका दिवशी त्यांच्या पाया पडायला रांग लागे. लेक अखजीला माहेरी यायची, बरोबर जावई यायचे, आणि जावयाच्या गळ्यात कॅमेरा असायचा. रस्त्याच्या मध्यावर एक पिंपळ होता. त्याच्या पारावर उभं राहून लीलाधर दरवर्षी फोटो काढत, धुळ्याला जाऊन धूत, आणि पुढच्या फेरीत सासऱ्यांना नेऊन देत. सासरे तो दोन्ही हातांनी घेत आणि भिंतीवर लावत. अशी भिंतीवर दहा-बारा वर्षं ओळीनं टांगलेली होती.

सत्त्याऐंशी सालच्या फोटोपर्यंत सारं सुरळीत चाललं. त्या वर्षीचा फोटो देताना लीलाधर म्हणाले की आबा, बघा कसा स्वच्छ आलाय, चाकाच्या आऱ्या मोजून घ्या. पुना भगतांनी खरंच मोजल्या असाव्यात, कारण ते बराच वेळ बघत राहिले. मग जावयाला वाईट वाटू नये अशा बेतानं हळूच म्हणाले, "पाव्हना, फोटो तं झ्याक शे. पन हाई मा मन्या गाड्या उभ्या शेतस. मी वढ्यात का नही वढ्यात?"

लीलाधरांनी फोटो हातात घेतला. पुढच्या गाडीला खांदा लावून एक म्हातारा उभा. मागं बारा गाड्या उभ्या. गाड्यांवर माणसं ताठ बसलेली. नवख्या माणसाला वाटावं, हे लोक गाड्या विकायला आलेत. मग भिंतीवरचे बाकीचे फोटो पाहिले, तर सगळ्यांत तीच तऱ्हा. तीस वर्षं जो माणूस उपाशीपोटी जीव खाऊन धावला, त्याला जावयानं भिंतीवर उभा करून ठेवला होता. मेव्हणे भाईदास तिथंच होते. ते म्हणाले, जाऊ द्या दाजी, उभ्या गाड्या सुरक्षित. लीलाधर हसले, पण बोच राहिली ती राहिलीच.

कारण त्यांना कळत होतं. सेकंदाच्या अडीचशेव्या हिश्शात काढलेला फोटो पळणाऱ्या चाकालाही जागच्या जागी धरतो. पळणं दिसायचं तर कॅमेऱ्याचा डोळा जास्त वेळ उघडा ठेवायला हवा, म्हणजे चाक जरा सरकेल, त्याची रेघ उमटेल. पण अखजीचं ऊन म्हणजे खानदेशातलं ऊन. संध्याकाळी साडेपाचलाही ते पाटाच्या पाण्यासारखं धो-धो आत शिरतं, आणि डोळा जास्त वेळ उघडा राहिला की फोटो पांढराफटक होतो. मग करायचं काय? तर कॅमेऱ्याला गॉगल घालायचा, रंग न बदलता उजेड तेवढा कमी करणारा. अशी काच मिळते हे लीलाधरांनी ऐकलं होतं, पण धुळ्यात ती कुणी पाहिलेली नव्हती.

पाहिली नव्हती तर करू, असं त्यांनी ठरवलं. मागच्या गल्लीत निंबा वेल्डर खिडक्यांच्या जाळ्या जोडायचा. वेल्डिंग करताना तोंडापुढं धरायच्या चौकटीत जी काळी काच असते, ती लीलाधरांनी मागितली. निंबानं चार काढून दिल्या. एकीत बुडबुडा होता, एक चरे पडलेली, एक ठिणग्यांनी देवी आल्यासारखी झालेली. चौथी निर्मळ निघाली. निंबानंच तेलाच्या डब्याचा पत्रा कापून लेन्सपुढं बसेल अशी चौकट केली, तिला वरून खाच ठेवली, म्हणजे काच वरून सरकवायची आणि हवी तेव्हा उपसायची. खाच गरजेचीच होती. ती काच एकदा लावली की कॅमेऱ्यातून काळोखाशिवाय काही दिसत नसे. आधी बघून घ्यायचं, मग काच सरकवायची. काच हिरवट होती, पण फोटो काळापांढरा असल्यानं हिरव्याची फिकीर नव्हती.

अठ्ठ्याऐंशीच्या अखजीला हा जुगाड घेऊन लीलाधर पारावर उभे राहिले. स्टँड पक्का रोवला. काच इतकी काळी की डोळा चांगला आठ सेकंद उघडा ठेवावा लागला. गाड्या गडगडत आल्या, धूळ उडवत गेल्या, आणि आठ सेकंदांनी लीलाधरांनी डोळा मिटला.

अंधारखोलीत कागदावर फोटो उमटू लागला तेव्हा आधी पिंपळ आला. मग रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभं असलेलं बोरगव्हाण आलं, कॅमेरा दिसल्यामुळं खांबासारखं ताठ. नऊवारी लुगड्यांचे काठ आले, टोप्या आल्या, मिशाही आल्या. रस्ता आला. लीलाधर वाट बघत राहिले. रस्त्यावर काही म्हणजे काहीच आलं नाही. पिंपळाजवळ धुरकट डागासारखं काहीतरी होतं, ते त्यांनी धूळ म्हणून सोडून दिलं. बारा गाड्या, त्यांवरची शंभर माणसं आणि सासरे, सगळे विरघळून गेले होते. आठ सेकंदांत गाड्या येऊन निघूनही गेल्या. एका जागी टिकल्याच नाहीत तर उमटणार कशा?

तो फोटो दाखवू नये असं त्यांनी ठरवलं होतं, पण सुंदरबाईंनी माहेरी जाताना पिशवीत घातला. गावानं तो हातोहात फिरवला. कुणी म्हणालं, अख्खं गाव साक्रीच्या एस.टी.ची वाट बघतंय. भाईदास म्हणाले, "मांगला साल गाड्या उभ्या व्हत्यात, औंदा गायबच व्हई ग्यात." तेव्हापासून बोरगव्हाणात कुणाची वस्तू हरवली की लोक विचारू लागले, जावयाच्या फोटोत होती का? सासुरवाडीत जावयाची इतकी थट्टा व्हायला नको, पण झाली. पुना भगत तेवढे हसले नाहीत. त्यांनी तोही फोटो भिंतीवर लावला.

आणि त्याच दिवाळीत त्यांनी सांगून टाकलं की येती अखजी शेवटची. उजवा गुडघा आता ऐकत नाही. पुढचा मान भाईदासचा. सुंदरबाई ते ऐकून धुळ्याला आल्या. तिसऱ्या दिवशी जेवायला वाढताना म्हणाल्या की आमच्या बाबांनी तीस वर्षं गाड्या ओढल्या आणि त्याचा एकही पुरावा घरात नाही. भिंतीवर आहेत त्या फोटोंत एक तर ते उभे आहेत, नाही तर नाहीतच. खरंच होतं ते. आणि आता एकच संधी उरली होती.

मग मात्र त्यांनी डोकं चालवलं. अडीचशेव्या हिश्शात गाड्या उभ्या राहतात आणि आठ सेकंदांत नाहीशा होतात, म्हणजे या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी त्या पळत असणार. तेवढं ठिकाण सापडलं पाहिजे. दिवेलागणीला उजेड आपोआपच कमी असतो, तेव्हा काचेची गरज नाही. म्हणून रोज तिन्हीसांजेला निंबा वेल्डरनं हातगाडी घेऊन पाचव्या गल्लीतून धावायचं आणि लीलाधरांनी फोटो काढायचे, असं सुरू झालं. निंबा दमला की गल्लीतले लोक विचारत, काय रे, माल कुठं पोचवतोस एवढ्या घाईनं? पाच दिवसांनी फोटो ओळीनं मांडले. पंधराव्या हिश्शात निंबा चालतोय असं वाटे. अर्ध्या सेकंदात निंबाचा धूर झाला होता. पण पाव सेकंदात हातगाडी अशी काही पळत होती की तिचा खडखडाट ऐकू यावा. ठरलं, पाव सेकंद. आता साडेपाचच्या उन्हात, लेन्सचं भोक होईल तितकं बारीक करूनही, पाव सेकंद डोळा उघडा ठेवायचा, तर हिशेबानं उजेडाचा फक्त सोळावा हिस्सा आत यायला हवा. पंधरा हिस्से बाहेर थोपवायचे. निंबाची काच हजारो हिस्से थोपवत होती, म्हणून गाड्या गिळल्या तिनं.

आणि या खेपेला फोटो रंगीत काढायचा होता. शेवटच्या वेळी तरी बाबांच्या अंगावरचा भंडारा पिवळा दिसला पाहिजे, ही सुंदरबाईंची अट. म्हणजे हिरवी काच बाद. जळगावला नवीपेठेत गिरधरशेठ म्हणून कॅमेऱ्याच्या सामानाचे व्यापारी होते, त्यांच्याकडं परदेशी काचा येतात अशी खबर लागली. निघताना सुंदरबाईंनी नवऱ्याच्या हातात कागदाची पुडी दिली. पुडीत देव्हाऱ्यातला चिमूटभर भंडारा होता. काच घ्याल ती यावर धरून बघा, म्हणाल्या. हे लीलाधरांना सुचलं नव्हतं, पण तसं त्यांनी कबूल केलं नाही.

पारोळा, एरंडोल करत एस.टी. जळगावला पोचली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. गिरधरशेठ मोठे बोलके. त्यांनी आधी गोल काचा काढल्या, लेन्सवर आट्यांनी फिरवून बसवायच्या. लीलाधरांनी आपल्या तीन लेन्स काढून काउंटरवर ठेवल्या. तिन्हींची तोंडं वेगळ्या मापाची, म्हणजे तिघींना वेगळाली काच. शिवाय गाड्या समोर येत असताना आट्या कोण फिरवत बसणार? शेठ म्हणाले, मग हे घ्या. आणि त्यांनी चौकट काढली. काळी, हलकी, तीन खाचांची. लेन्सच्या मापाची कडी तेवढी बदलायची, चौकट तीच, आणि चौकोनी काच वरून सरकवायची. लीलाधरांना हसू आलं. निंबाच्या तेलाच्या डब्याचीच ती साहेबी बहीण होती.

काचांवर आकडे होते. दोनची काच उजेड निम्मा करते, चारची पाव, आठची आठवा हिस्सा. लीलाधरांनी मनात बेरीज केली आणि आठच्या दोन मागितल्या, आठ नि आठ सोळा म्हणून. गिरधरशेठनी त्यांना थांबवलं. काचेमागं काच आली की आकड्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. आठव्या हिश्शाचा आठवा हिस्सा म्हणजे चौसष्टावा. तुमच्या गाड्या पुन्हा जातील. सोळा हवेत तर आठची एक आणि दोनची एक. गाड्यांची हकीकत लीलाधरांनी त्यांना पाच मिनिटांपूर्वीच सांगितली होती, आणि आता ती सांगितल्याचा पश्चात्ताप होत होता.

खरी पंचाईत पुढं होती. त्या आकड्यांच्या काचा शेठकडं दोन जातीच्या होत्या. एक परदेशी, महाग, आणि दुसरी तिची देशी नक्कल, अगदी तशीच दिसणारी. शेठ म्हणाले, कुणाला कळतंय? लीलाधर दोन्ही जोड्या घेऊन दुकानाबाहेर भर उन्हात गेले. पायरीवर धुतलेला पांढरा टॉवेल पसरला, त्यावर पुडी उघडून भंडाऱ्याची रेघ ओढली आणि उकिडवे बसून एकेक काच डोळ्यापुढं धरू लागले. येणारेजाणारे थबकले. उन्हात टॉवेलपुढं बसून काळ्या काचेतून भंडारा न्याहाळणारा माणूस म्हणजे काहीतरी देवदेवस्कीच, अशी समजूत होऊन एका बाईनं तर लांबून हातही जोडले. नकलेतून टॉवेल विटकरी दिसला आणि भंडारा जुन्या गुळासारखा. परदेशीतून टॉवेल टॉवेलसारखाच दिसला, फक्त सावलीत ठेवल्यासारखा. आणि भंडारा पिवळा होता. थोडा मंद, पण देव्हाऱ्यातला पिवळा. लीलाधरांनी पुडी नीट बांधली, कपाळाला लावली, आणि आत जाऊन परदेशी जोडी घेतली. खिसा रिकामा झाला, पण परतीच्या एस.टी.त ते सारखी डबी उघडून बघत होते.

एकोणनव्वदची अखजी आली. आमरस-पोळीचं जेवण झालं, गावच्या लेकी झोके घेऊन दमल्या, उन्हं कलायला लागली. भंडारा फासलेले पुना भगत देवळामागं एका घोंगडीवर एकटेच बसले होते. लीलाधर पाया पडायला गेले. शेवटची खेप म्हणून म्हातारा हळवा झाला असेल, काही बोलेल, अशी त्यांची अपेक्षा होती. पुना भगतांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं,

"पाव्हना, औंदा कितला येळ थांबू?"

लीलाधरांना काही उमगेना. कुठं थांबायचं? तेव्हा पुना भगतांनी समजावून सांगितलं, की पिंपळाजवळ तुम्ही असता ना, तिथं मी दरसाल पाऊल आखडतो, मान वर करतो आणि दम धरतो. "तुमना फोटो हालाले नको म्हनीसन." घरच्या लग्नात फोटो काढताना तुम्हीच सांगितलं होतं, आबा हलू नका. तेव्हापासून नेम मोडला नाही. मागून बारा गाड्यांचा लोंढा ढकलत असतो, साथीदार शिव्या घालतात, पण जावयाचा फोटो बिघडू दिला नाही.

लीलाधर त्या घोंगडीवर त्यांच्याशेजारी बसले. भिंतीवरची ती सगळी ओळ त्यांच्या डोळ्यांपुढं आली. गेल्या वर्षीचा तो धुरकट डाग आला; ती धूळ नव्हती, क्षणभर पाऊल आखडलेले सासरे होते. बारा गाड्यांचं ओझं खांद्यावर असताना हा माणूस दरवर्षी आपल्यासाठी थांबत आला, आणि आपण काचा शोधत फिरत होतो. त्यांना हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. त्यांनी सासऱ्यांचे पिवळे हात धरले. म्हणाले, आबा, थांबायचं नाही. पिंपळ आला की उलट जास्त पळायचं. माझ्याकडं बघायचंच नाही. पुना भगतांनी मान हलवली, पण त्यांच्या चेहऱ्यावर शंका होती. हे असं कुणी फोटोवाला सांगतो का?

पारावर स्टँड लागला. लीलाधरांनी कॅमेऱ्यातून रस्ता पाहून घेतला, मग आठची काच खाचेत सरकवली, तिच्या मागच्या खाचेत दोनची. समोरचं ऊन निवलं. रस्त्याच्या कडेला उभ्या गावानं कॅमेरा पाहिला मात्र, टोपीपासून टाचेपर्यंत सगळे ताठ. कडेवरच्या पोरांच्या तोंडावर आयांनी हात ठेवले. एरवी पाव सेकंदात गर्दीतली निम्मी माणसं हलून पुसली गेली असती, पण हे लीलाधरांनी बावीस वर्षं शिस्त लावलेलं गाव होतं.

वेशीकडून आरोळी उठली. भंडारा उधळला गेला. साखळ्या ताणल्याचा आवाज आला आणि माळ हलली. पुना भगत धावत होते. गुडघा दुखत असेल तर तो कुणाला दिसत नव्हता. चाकं खडखडत, धूळ उडवत गाड्या जवळ येऊ लागल्या. तीस पावलं राहिली, वीस राहिली. आणि लीलाधरांनी पाहिलं. म्हाताऱ्याची नजर वळली होती. नजर कॅमेऱ्यावर आली, मान वर होऊ लागली, छाती पुढं आली, पाऊल आखडू लागलं. इतक्या वर्षांचा नेम एका तासात थोडाच सुटतो?

"आबा, पळा!"

लीलाधर बेंबीच्या देठापासून ओरडले. बोरगव्हाणात कुणी फोटोवाल्याच्या तोंडून असलं काही कधी ऐकलं नव्हतं. गाव हललं नाही, ते शिस्तीत होतं. पण पुना भगतांनी मान खाली घातली, खांदा रेटला आणि पिंपळासमोरून असे सुटले की साथीदार मागं पडले. लीलाधरांनी कळ दाबली. पाव सेकंद कॅमेऱ्याचा डोळा उघडला आणि मिटला. गाड्या देवळाशी जाऊन थांबल्या, लोकांनी पुना भगतांना खांद्यावर घेतलं, आणि पारावरचे जावई स्टँडला धरून तसेच उभे राहिले.

रंगीत फोटो धुवायची सोय धुळ्याच्या अंधारखोलीत नव्हती, फिल्म बाहेर पाठवावी लागे. आठ दिवसांनी पाकीट आलं. लीलाधरांनी ते सुंदरबाईंच्या समोरच फोडलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाव उभं होतं, एकेक चेहरा ओळखू यावा असं, दगडासारखं निश्चल. आणि त्यांच्या मधून गाड्या वाहत होत्या. चाकांच्या आऱ्या फिरून एक झाल्या होत्या, वरच्या माणसांची लुगडी-फेटे लांबच लांब ओढले गेले होते, आणि या साऱ्याच्या पुढं, पुराच्या तोंडाशी असावा तसा, एक पिवळाधमक झोत होता. भंडारा अगदी पिवळा आला होता. गाड्या पळत होत्या.

लीलाधर उड्या मारायच्या बेतात होते. तेवढ्यात सुंदरबाईंनी फोटो जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला, आणि विचारलं की बाबांचं तोंड कुठं आहे.

तोंड नव्हतं. डोळे नव्हते, मिशा नव्हत्या. पळणारा माणूस पळताना उमटला होता, चेहऱ्यासकट. आता मान कायमचा भाईदासकडं गेला होता, पुन्हा काढू म्हणायची सोय नव्हती. लीलाधर फोटोला चौकट करून बोरगव्हाणला निघाले. साहेबी काच, सोळावा हिस्सा, निंबाची धावपळ, सगळं करून शेवटी सासऱ्याचं तोंड पुसलं, एवढंच लीलाधरांच्या मनात फिरत होतं.

पुना भगत ओट्यावर गुडघ्याला एरंडाची पानं बांधून बसले होते. फोटो त्यांनी नेहमीसारखा दोन्ही हातांनी घेतला. भाईदास मागून डोकावले, शेजारचे चार जण आले. थट्टा करायला आलेले फोटोवर वाकले. लीलाधर घाईघाईनं सांगू लागले, की आबा, चूक झाली, तोंड तेवढं उमटलं नाही, गाड्या पळताहेत पण तुम्ही काही ओळखू येत नाही.

म्हाताऱ्यानं हात वर करून त्यांना गप्प केलं. पिवळ्या झोतावर बोट ठेवलं आणि ते बोट हळूहळू, झोत ज्या दिशेनं जात होता त्या दिशेनं, देवळापर्यंत नेलं. मग पुन्हा मागं आणलं आणि पुन्हा नेलं.

"तोंड तं बठ्ठा गावले माहीत शे," पुना भगत म्हणाले. "मी पळस कसा, हाई मीच आजलोंग दखेल नव्हतं."

स्वतःचं पळणं पहिल्यांदाच डोळाभर बघून त्यांनी भाईदासला भिंतीवरचे जुने फोटो उतरवून तिथं हा लावायला सांगितलं.